खळ्यावर केलेले संकल्प

२८ डिसेंबर २०२५, रविवार

आले एकदाची. शहापूरहून निघताना सतीशच्या बाइकवर पुढे राही, मागे मी, माझ्या मांडीवर गादीची वळकटी आणि वळकटीवर प्रेशर कुकर. धसईच्या बाजारात एका बाईने हात दाखवून थांबवलं आणि भांडी विकायला आणलीत का म्हणून विचारलं. राही एवढी हसली की तिला उचकी लागली, ती गाव येईपर्यंत थांबली नाही.

आरोग्यसेविकेची ऑर्डर हातात पडायला माझ्या चपला झिजल्या. कंत्राटावर किती वर्षं काढली ते आता आठवायचंही नाही. आता कायमची नोकरी, स्वतःचं उपकेंद्र, भिंतीवर लसीकरणाचा तक्ता. उपकेंद्राला राहायची खोली आहे, पण तिच्या छपरातून आभाळ दिसतं. म्हणून रंभामावशींच्या घरी भाड्याने राहायचं ठरलं. मावशी साठीच्या, बोलायला कमी, कामाला वाघ. मुलगा वाल्मिक शेती बघतो. दोघांनी मिळून माझं सामान आत घेतलं, आणि मी हातपाय धुवेपर्यंत भाकरी आणि वालाचं बिरडं पुढ्यात आलं. सतीशने तीन भाकऱ्या हाणल्या आणि मला म्हणाला, तुझी चैन आहे बुवा.

खोलीच्या खिडकीतून थेट खळं दिसतं. शेणाने सारवलेलं, स्वच्छ. कडेला कापलेल्या भाताचे भारे रचून केलेल्या दोन उडव्या आहेत, चांगल्या घराएवढ्या उंच. एक उडवी या आठवड्यात झोडायची आणि दुसरी जानेवारी संपता संपता, माणसं मिळतील तशी, असं वाल्मिक सांगत होता. मोबाइलला रेंज फक्त त्या खळ्यावर आणि पलीकडच्या बांधावर. म्हणजे नवऱ्याशी भांडायचं तर सगळ्या गावासमोर भांडायचं.

सतीशची नोकरी कसाऱ्याला रेल्वेत, राहीची बालवाडी शहापूरला, आणि तिला बघायला सासूबाई तिथे आहेत. म्हणून राही तिकडेच राहणार आणि शनिवार-रविवार मी जाणार. निघताना राही रडली नाही. मी रडले, आणि माझं रडणं म्हणजे चार घरं बाहेर यावीत. माझा आवाज मूळचाच मोठा. सासूबाई म्हणतात, पौर्णिमा घरात बोलली की आसनगाव स्टेशनात गाडी थांबते. वाल्मिक खरंच काठी घेऊन धावत आला, साप निघाला समजून.

आता चूल पेटल्याचा वास येतोय, बाहेर कोंबड्या झाकायची गडबड चाललीय. जमेल मला इथे.

३१ डिसेंबर २०२५, बुधवार

वर्षाचा शेवटचा दिवस, तेव्हा झाडाझडती आलीच. गेल्या वर्षी मी काय काय ठरवलं होतं? रोज चालायला जाणार. बूट आणले. ते घालून मी बोंबील आणायला जायचे, चालणं म्हणाल तर तेवढंच. साखर सोडणार. ती संक्रांतीच्या तिळगुळापर्यंतही सुटली नाही. राहीवर ओरडणार नाही. हा तर एक जानेवारीला सकाळीच गेला, तिने दूध सांडलं तेव्हा. डायरी लिहिणार. त्या डायरीत पहिल्या पानावर माझं नाव आहे, वळणदार अक्षरात, आणि पुढे नुसती पानं. सतीश म्हणतो, तुझ्या संकल्पांना कॅलेंडर लागत नाही, घड्याळ पुरतं. दर वर्षी म्हणतो आणि दर वर्षी हसतो मेला.

म्हणून आज त्याला दाखवून द्यायचंच असं ठरवलं आणि व्हिडिओ पाठवायला खळ्यावर गेले. दिवसभर झोडणी झाली होती. भात उफणून मधोमध त्याचा ढीग घालत होते. त्याला रास म्हणतात. मावशी, वाल्मिक, मजुरीला आलेल्या बायका, कोणीच बोलत नव्हतं. मला वाटलं, दमलेत बिचारे. मी राशीजवळ उभी राहिले, मोबाइल समोर धरला आणि ठसक्यात सुरू केलं. राही, ऐक गं, आईचे नव्या वर्षाचे संकल्प. रोज पहाटे उठून ओढ्यापर्यंत चालायला जाणार. चहात साखर बंद. कोणावर म्हणजे कोणावर आवाज चढवणार नाही. दर बुधवारी आणि रविवारी दिवेलागणीला डायरी लिहायला बसणार, आणि घडलेलं सगळं लिहून झाल्याशिवाय उठणार नाही. आणि अपडाऊन बंद. वर्षभर मी या गावातून हलणार नाही.

शेवटचं मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं. माझ्या आधीची बाई मुरबाडहून ये-जा करायची आणि त्यावरून लोक नाराज होते, असं कानावर आलं होतं. माझ्या मनात अर्थातच सोमवार ते शुक्रवार होतं. तेवढं बोलायचं राहिलं.

मी बोलायला लागले तशा मावशी दोन्ही हात हलवत माझ्याकडे आल्या. मला वाटलं, व्हिडिओत यायचं नाही म्हणताहेत. मग त्यांनी चक्क माझ्या तोंडावर हात ठेवला, सगळा तूस माझ्या ओठांना लागला. मी हसून सोडवून घेतलं आणि वाक्य पुरं केलं. तरी कोणी शब्द काढला नाही. वाल्मिक टोपलं खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. माणसं जरा विचित्र आहेत, पण व्हिडिओ झकास आलाय.

४ जानेवारी २०२६, रविवार

सतीश, कधी हे वाचलंस तर कानाला हात लाव. एकही संकल्प मोडलेला नाही. रोज पहाटे गजराच्या आधी डोळे उघडतात आणि मी ओढ्यापर्यंत जाऊन येते. धुकं असतं, पेंढ्याचा वास असतो. बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरतो. परवा मदतनीस बाई लसीच्या डब्यातला बर्फ बाहेरच विसरली, तेव्हा मी तिला इतक्या गोडीने समजावलं की ती घाबरली. मला स्वतःचं भारी कौतुक वाटतंय.

एक तारखेला सकाळी मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या, आत येईनात. मग म्हणाल्या, रास घालताना बोलायचं नसतं, माप होईपर्यंत गप राहायचं असतं, पहिलं मापसुद्धा मोजताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि मगच तोंडं उघडतात. मी माफी मागितली. आमच्या घरात असलं कोणी मानत नाही. लहानपणापासून विहारात हेच ऐकलं, की आधी तपासून घे आणि मग पटलं तर धर. पण दुसऱ्याच्या खळ्यावर त्यांचा नियम पाळायला आपलं काय जातं. मावशींचं समाधान झालेलं दिसलं नाही. त्यांनी विचारलं, नक्की काय काय बोललीस गो? मी सगळं सांगितलं. शेवटचं ऐकल्यावर त्या खाली बसल्या.

काल शहापूरला जायचं होतं. पिशवी भरली, राहीसाठी बोरं घेतली, आणि एसटीच्या वेळेला मला कंटाळा आला. म्हणून राहिले. राही फोनवर रुसली. नंतर मला वाटत राहिलं की हा कसला कंटाळा. राहीला भेटायचा कंटाळा मला आयुष्यात कधी आला नव्हता.

७ जानेवारी २०२६, बुधवार

काल ताप होता. कणकण नाही, चांगला ताप. पहाटे उठायचं नाही असं ठरवून गोळी घेऊन झोपले. जाग आली तेव्हा मी ओढ्याजवळ उभी होते. पायात चप्पल नव्हती.

आज दुपारी एका बाळंतिणीच्या घरी गेले. सासूने कौतुकाने चहा केला, गोड. अशा ठिकाणी मी नाही म्हणत नाही, माणसं मनाला लावून घेतात. कप उचलला. हात छातीपर्यंत आला आणि थांबला, आणि मग सावकाश वाकडा झाला. सगळा चहा जमिनीवर ओतला गेला. मी नुसती बघत होते. म्हातारीचं तोंड एवढंसं झालं. मला म्हणायचं होतं की मी नाही केलं हे. पण मग कोणी केलं, माझ्याच तर हाताने ओतला.

ताप, ताण, नवी जागा, मुलीपासून लांब. मी नर्स आहे, मला ही यादी पाठ आहे. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी हेच म्हणून झोपेची गोळी दिली असती.

आत्ता लिहायचं मनात नव्हतं, महिन्याचे रिपोर्ट भरायचे होते. मावशींनी दिवा लावला आणि मी इथे येऊन बसले. मघाशी चहापर्यंतच लिहून उठायला गेले. गुडघे उठले नाहीत. तापाचं लिहायचं राहिलं होतं ना, ते वर मागाहून घुसवलंय. आता सगळं झालं असेल. बघते उठून.

११ जानेवारी २०२६, रविवार

काल एसटीत बसले. तिकीट काढलं, खिडकीत बसले, राहीला तर आधीच खळ्यावरून फोन करून निघाले म्हणून सांगितलं होतं. गावाची हद्द संपते त्या ओढ्याच्या पुलाशी गाडी थांबली आणि मी उतरले. गाडी निघून गेली तेव्हा कळलं की मी रस्त्यावर आहे. मी उतरताना कंडक्टर म्हणाला होता, मॅडम, बेल तुमीच मारली.

मग चालत गेले. पुलाच्या अलीकडे पाय वळले. परत गेले, परत वळले. वाल्मिकला म्हटलं, मला धसईपर्यंत सोड. त्याने गाडी काढली. पुलावर मी चालत्या गाडीवरून उडी मारली. गुडघा सोलवटून निघालाय. वाल्मिकला जणू माहीतच होतं, तो अगदी हळू चालवत होता.

आज सकाळी मावशींना धरून बसवलं आणि म्हटलं, आता सांगा. त्यांनी सांगितलं. राशीसमोर माणूस स्वतःबद्दल जे बोलतो ते राशीत जातं. ती रास जोवर आहे तोवर ते सुटत नाही, आणि घरची रास वर्षभर पुरते; विकली तरी ती दुसऱ्याच्या घरी असतेच. मी विचारलं, तुम्ही तेव्हाच मला गप्प का नाही केलं. म्हणाल्या, तोंडाने बोलले असते तर माझं पन बोलनं आत गेलं असतं, त्याचं काय झालं असतं कोन जाने. हात ठेवला होता ना गो तुझ्या तोंडावर.

मग त्यांनी सावळीचं सांगितलं. मला माहीत होतं की शेवटच्या घरातल्या सावळीबाई मुक्या आहेत. तशी माझ्या रजिस्टरात नोंदही आहे. त्या मुक्या नाहीत. त्या रंभामावशींच्या धाकट्या जाऊबाई. लग्नानंतर पहिल्याच झोडणीला भांडण झालं आणि त्या राशीसमोर म्हणाल्या, आता मी कुनाशी बोलायची नाय. जुनी गोष्ट, वाल्मिक तेव्हा रांगत होता.

मी म्हटलं, पण ती रास तर वर्षात संपली असेल ना. मग नंतर त्या का बोलल्या नाहीत?

मावशी माझ्या गुडघ्याला हळद लावत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "रास संपते गो बाय. पन तवर सवय झालेली असते."

१४ जानेवारी २०२६, बुधवार

आज लसीकरण. आया पोरं घेऊन बसलेल्या, एक पोर सुटून रस्त्यावर गेलं. ट्रॅक्टर मागे येत होता, ड्रायव्हरला पोर दिसत नव्हतं. सगळ्यात आधी मी पाहिलं. मी ओरडले. म्हणजे तोंड उघडलं, छाती भरली, आणि आवाज असा आला की शेजारच्या बाईलाही ऐकू गेला नाही. पुन्हा ओरडले. पुन्हा तेवढाच. मी पळाले तोवर दुसऱ्या एका बाईला दिसलं, तिने किंकाळी फोडली, ट्रॅक्टर थांबला. पोर हसत होतं.

आसनगावला गाडी थांबवणारा आवाज. मी उपकेंद्राच्या मागे जाऊन बसले आणि हुंदके दिले, तेही बिनआवाजाचे. खूप भीती वाटली. पहिल्यांदाच लिहितेय हे. मला भीती वाटतेय.

सतीशला खळ्यावरून फोन करून सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, तू किती हळू बोलतेयस पौर्णिमा, तू अशी कधी बोलत नाहीस, काय झालंय तुला. मी म्हटलं, तेच सांगतेय. पण त्या आवाजात काही सांगितलं की खोटं वाटतं, म्हणजे आजारी माणसाचं वाटतं. तो सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला गाडी घेऊन येतोय. मी म्हटलं, राहीला आणू नकोस. चार वेळा म्हटलं. त्याला वाटतंय, मुलीला बघितलं की मी बरी होईन.

मावशींना विचारलं, दुसऱ्या उडवीची रास होईल तेव्हा मी तिच्यासमोर उलटं बोलले तर. म्हटलं की मी घरी जाणार, तर. त्या म्हणाल्या, असं कोणी करून पाहिलेलं नाही, सावळीने पाहिलं असतं तर कळलं असतं, पण ती परत कधी खळ्यावर आलीच नाही. झोडणी पंचवीस तारखेला आहे. मी म्हटलं, रास दुपारीच घाला, दिवेलागणीच्या आत, तेव्हा मी मोकळी असते. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

१८ जानेवारी २०२६, रविवार

लिहायला कमी उरावं म्हणून काही केलं नाही. जेवले, झोपले, पेशंट बघितले. तरी सगळं आठवावं लागतं. वरण खारट होतं. मांजर व्यालं. लिहिलं नाही तर उठू देत नाही.

सावळीबाईंकडे गेले. त्यांना म्हटलं, एकदा बोलून बघा, फक्त एक शब्द, आता काही नाहीये, रास कधीच संपली. त्यांनी तोंड उघडलं. जीभ हलली. घशाला काही झालेलं नाही, मी बॅटरीने बघितलं. मग तोंड मिटलं आणि त्यांनी मला भाकरी वाढली.

सकाळी एक विचार आला. पहाटे ओढ्यावर जाताना आता जोर लावावा लागत नाही. मला जायला आवडतं. हा विचार आल्यापासून —

नाही. पंचवीस तारीख आहे.

२१ जानेवारी २०२६, बुधवार

सतीशला मेसेज. राहीला आणू नकोस. त्याचा फोन आला — राही पिशवीत कपडे भरून बसलीय, आता नाही म्हटलं तर ऐकणार नाही. मी म्हटलं, ओरड तिच्यावर. तो म्हणाला, तूच सांग. राहीला दिला फोन. मी म्हटलं, येऊ नकोस. ती म्हणाली, आई, तू रागावली नाहीस ना? मी म्हटलं, नाही गं. एवढंच आलं. गोड आवाजात —

तिला वाटलं, मी लाडाने म्हणतेय.

घडलेलं एवढंच. अजून — हां, चहा प्यायले. साखरेचा डबा समोर होता. आठवणच झाली नाही त्याची.

२५ जानेवारी २०२६, रविवार

दिवा लागला. बसले. भराभर लिहायचं. सगळं लिहिलं की उठता येईल. खळ्यावर रास अजून मापली नाही. वेळ आहे —

काल दुपारी आले. सतीश, राही, मित्राची गाडी. राही गळ्यात पडली, सोडेना. तिचे केस वाढलेत. सतीशला सगळं दाखवलं, गुडघा, डायरी. त्याने सगळं वाचलं. माझा हात हातात घेतला, म्हणाला, कल्याणला चांगले डॉक्टर आहेत. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी राही कुशीत. विचारलं, तू घरी का येत नाहीस. मी सांगितलं — उद्या दुपारी मी खळ्यावर जाऊन एक वाक्य बोलणार आणि मग तुझ्याबरोबर येणार. तू मात्र तिथे बोलायचं नाहीस हं, अगदी गप्प. ती म्हणाली, का? तिथे बोललेलं खरं होतं? मी हो म्हटलं. का म्हटलं मी हो —

आज सकाळी सतीश ऐकेना. खळंबिळं काही नाही, आत्ताच्या आत्ता डॉक्टर. मला गाडीत बसवलं. मी म्हटलं, दुपारपर्यंत थांब, हात जोडते. त्या आवाजात. पुलावर माझ्या हाताने स्टिअरिंग ओढलं. गाडी कठड्याला. राहीचं कपाळ पुढच्या सीटवर. रक्त नाही, टेंगूळ आलं. ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, आई, तू येणारच नाहीस का.  चालत परत आलो सगळे.

दुपारी रास व्हायची होती. वीज गेली. उफणायचा पंखा बंद. सुपाने उफणायचं तर वारा पडलेला, पान हलत नव्हतं. मी खळ्याच्या कडेला बसून. दुपार सगळी वाऱ्याची वाट. ऊन उतरल्यावर सुटला. मावशी माझ्याकडे बघत जिवाच्या आकांताने उफणत होत्या, वाल्मिकही, सगळेच. रास अर्धी झाली. बोलायला म्हणून मी उठले. मग कोणाच्या तरी घरात दिवा लागला आणि माझे पाय खोलीकडे —

एवढंच. झालं. उठते.

नाही. राहीचं राहिलं. राही माझ्यामागोमाग खोलीत आली. पायाशी बसली. म्हणाली, आई, आता खळ्यावर जाऊन बोलणार ना? मी म्हटलं, लिहून झालं की. किती राहिलंय? थोडंच. ती म्हणाली, तुला जमत नाही ना, असू दे. उठली. दाराबाहेर गेली —

हे आत्ता घडलं. हेही लिहायला लागतंय.

ती अंगणात आहे. लिहिलं. गुडघे सुटत नाहीत. ती खळ्याकडे वळली. लिहिलं. मी एक लिहिते तोवर ती आणखी चालते. घडायचं थांबत नाही तोवर हे —

सतीश बांधावर. फोन कानाला, पाठ इकडे. डॉक्टरांशी बोलतोय.

मी हाक मारतेय. राही. राही. समोरच्या दिव्याची ज्योतही हलत नाही. डाव्या हाताने खिडकी ठोकावी तर डावा हात पान धरून बसलाय. सोड म्हणते. सोडत नाही.

मावशींनी पाहिलं तिला. सूप टाकलं. हात हलवताहेत, नको नको. राही त्यांना हात हलवून दाखवतेय, तिला वाटतंय टाटा. वाल्मिक राशीच्या पलीकडून निघाला. सगळ्यांची तोंडं मिटलेली. कोणीतरी ओरडा. कोणीतरी बोला रे —

पोचली. राशीसमोर उभी आहे. वळून खिडकीकडे बघितलं, मला बघून हसली. माझी शहाणी पोर. तिला वाटतंय ती माझं काम करतेय. वाल्मिकचा हात आता तिच्या खांद्याला लागेल, आता लागेल, एक पाऊल —

तिने तोंड उघडलं. तिचा आवाज माझ्यावर गेलाय, खणखणीत, इथपर्यंत स्पष्ट येतोय, मी आईला सोडून इथून कधीच